बिनधुराची आग

डॉक्टरांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मग माझ्याकडे.

"खाणीत काम तुम्ही करता ना?"

"हो. वर्कशॉपला. फिटर."

"मग दम यांना कसा लागतो?"

उत्तर माझ्याकडे होतं. तेवढ्यात डॉक्टरांनीच पुढचं विचारलं, स्वयंपाक कशावर करता? गॅसवर, मी म्हणालो. त्याच्याआधी? सिगडीवर, कोळशाच्या. किती वर्षं? बायकोनं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली.

"लग्न झालं तवापासून," ती म्हणाली.

वणीजवळच्या राजूरला, खाणीच्या आमच्या कॉलनीत तेव्हा सगळ्यांकडे सिगडीच असायची. कोळसा खाणीचा, म्हणजे घरचाच. संध्याकाळी बायका पेटवलेल्या सिगड्या दाराबाहेर ठेवायच्या, धूर निघून जावा म्हणून. पण चाळीस-पन्नास दारांबाहेरचा धूर जाणार कुठे? तो क्वार्टरांच्या छपरांवर बसून राहायचा. ड्यूटीवरून परत येताना लांबून आमची लाईन दिसायची नाही, नुसता करडा थर दिसायचा, आणि मला बरं वाटायचं. घरी भाकरी होत आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

बायको झरी जामणीकडची. तिचे वडील जंगलखात्याच्या रोपवाटिकेत मजूर होते. लाकडाचा जाळ तिला पाठ होता, पण दगडी कोळसा कसा पेटवायचा हे तिला ठाऊक नव्हतं. मीच शिकवलं. खाली गोवरीचे तुकडे, त्यावर लाकडाच्या ढलप्या, वर कोळशाचे लहान खडे, आणि पुठ्ठ्यानं वारा. गॅस घरी आला तेव्हा तिनं सिगडी मागच्या अंगणात नेऊन ठेवली होती. चार दिवसांनी मी म्हणालो, गॅसवरच्या भाकरीला चव नाही. तिनं सिगडी पुन्हा आत आणली. त्यानंतर अनेक वर्षं आमच्या घरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी सिगडीवरच झालं. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"धूर बंद," डॉक्टर म्हणाले. "कोळशाचा, चुलीचा, कचऱ्याचा, उदबत्तीचासुद्धा."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "विहारात उदबत्ती लावतात. मी मांगच्या रांगीत बसत जाईन."

घरी आल्यावर मी सिगडी उचलून भंगारवाल्याला देऊन टाकली. आपण काहीतरी केलं असं मला वाटलं.

त्या वर्षीच्या थंडीत वर्कशॉपच्या एका सोबत्यानं शेतात भरताचं जेवण ठेवलं. आमच्याकडे थंडीत हे असतंच. शेतात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, बाजूला गोवऱ्यांत कणकेचे जाड रोडगे. पाच-सहा घरची माणसं जीपनं गेलो. जाळ पेटला आणि वारा फिरला. बायको दोनदा खोकली, उठली आणि जीपमध्ये जाऊन बसली. काचा वर केल्या.

सगळे जाळाभोवती होते. मी वांगी उलटवत होतो. सहज मान वर केली तर काचेआडून ती आमच्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख म्हणावं असंही नव्हतं. बसस्टँडवर पोचवायला आलेलं माणूस निघालेल्या गाडीकडे पाहतं, तशी ती पाहत होती. मी तिचं ताट जीपमध्ये नेऊन दिलं. तिनं भरीत खाल्लं, रोडगा मोडून वास घेतला आणि म्हणाली, "आमच्या गावाले बाबा नाल्यातले मासे आनत. पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यात टाकत. वरचं पान जळे अन् आतलं हिरवंच राहे." मग काच वर करून घेतली.

काही दिवसांनी वणीला भंगारवाल्याकडे पाइपचा तुकडा शोधायला गेलो होतो. तिथं एक वेगळीच वस्तू पडलेली दिसली. पत्र्याची मोठी पेटी, कमानीसारखं झाकण, झाकणावर घड्याळासारखी एक तबकडी, आत लोखंडी जाळी, खाली चाकं. चार चाकांपैकी तीनच होती. खाणीवर यंत्र बसवायला बाहेरदेशातले इंजिनिअर आले होते, ते जाताना मागे टाकून गेले, असं भंगारवाला म्हणाला.

"काय होय हे?"

"गॅसचं ग्रिल म्हणतात. त्याच्यावर कोंबडी भाजत ते लोकं. लाकूड नाई, कोळसा नाई."

मी ते तिथल्या तिथं घेतलं. बाहेर बसून मोकळ्या हवेत आग, आणि धूर नाही. जीपच्या काचेआडचा तो चेहरा डोळ्यांपुढे होताच.

घरी आणल्यावर बायको म्हणाली, "आलमारी आणली का कबाडातून?"

मागच्या अंगणात ते उघडलं. आत उंदरांचं घर होतं, जुन्या तेलाचा बोटभर थर होता आणि तीन बर्नरपैकी दोन हातात घेताच पापडासारखे मोडले. पुढचा महिना ड्यूटी संपली की मी तारेचा ब्रश घेऊन त्याच्याशी बसायचो. पेटी घासून काढली, उष्णता सोसणारा काळा रंग दिला. विलायती रेग्युलेटर आपल्या सिलिंडरला बसत नव्हता, तो काढून घरगुती रेग्युलेटर आणि नवी नळी लावली. चौथं चाक काही मिळालं नाही. तिथं वीट ठेवली.

बर्नरसाठी मी माझ्या मित्राकडे गेलो. तो वणीचा वेल्डर, त्याचे वडीलही वेल्डर होते. खाणीच्या ठेकेदाराची कामं करायला तो आमच्या वर्कशॉपला यायचा, तेव्हापासूनची ओळख. ईदला त्याच्याकडचा शीरखुर्मा आमच्याकडे यायचा आणि पौर्णिमेला आमची खीर त्याच्याकडे. त्यानं मोडके बर्नर पाहिले, स्टीलच्या पाइपचे नवे कापले आणि भोकं पाडायला बसला. सगळी भोकं सारख्या अंतरावर, एकही वाकडं नाही.

"भाभीसाठी आहे ना? मग बरोबरच झालं पाह्यजे," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी पेटवलं तर ज्योत बर्नरवर आलीच नाही. मागे नॉबपाशी भप्पकन झाली आणि माझ्या हातावरचे केस आणि एक भुवई गेली. मी उडी मारून नॉब बंद केला. बायको दारात उभी राहून इतकी हसली की हसता हसता तिला खोकला आला आणि दम्याचा पंप घ्यावा लागला. पंप घेऊन झाल्यावर पुन्हा हसली. गॅस आणि हवा ज्या नळीत मिसळतात, त्या नळीत एका कोळ्यानं पांढरं घट्ट घर केलं होतं. सायकलच्या तारेनं ते काढलं, सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडा येतो का पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पेटवलं. निळी, सरळ ज्योत. मी तिला खुर्ची आणून दिली. किती महिन्यांनी ती आगीसमोर बसली होती.

वांगी ठेवली. पाच मिनिटं सगळं छान होतं. मग सालं जळायला लागली, वांग्यांचं पाणी आणि वरचं तेल खाली ज्योतीवर टपकलं आणि भसाभस धूर निघाला. ती पदर तोंडाला लावून आत गेली. दार लावलं. मी अंगणात एकटा, पुढ्यात अर्धी भाजलेली वांगी.

दुसऱ्या दिवशी मित्र मुद्दाम पाहायला आला. सगळं ऐकून घेतलं, ग्रिलभोवती एक फेरी मारली.

"अरे यार, आग खालून कायले लावतं? टपकलं तं जळनारच. ते सळईवरचं मटन भाजनाऱ्याले पाय, त्याची आग बाजूनं असते. खाली काही टपको, आगीले पत्ताच नाई."

आम्ही बर्नर खालून काढले आणि दोन्ही बाजूंना उभे लावले. ज्योतीची धग सारखी पसरावी म्हणून समोर कवेलूचे, म्हणजे छपरावरच्या कौलांचे तुकडे रचले. आधी मी राजूरचा चुनखडीचा दगड लावून पाहिला होता, तो तापला आणि फटाक्यासारखा फुटला. कवेलू मात्र तापलं की आतून लाल व्हायचं आणि शांत राहायचं. टपकलेलं पडायला मधोमध पाण्याचा ट्रे. या सगळ्यात दोन महिने गेले. शेवटी एका रविवारी दोन्ही बाजू लाल झाल्या, वर झाकण, आणि धुराची एक रेघही नाही. मी आत-बाहेर करत होतो, तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती खोकली नाही.

त्या दिवशी पळसाची पानं मी स्वतः सायकलनं जाऊन आणली होती. बाजारातून छोटे मासे आणले होते. तिनं मीठ, हळद, तिखट लावून पानात बांधले, सुतळीनं नाही, पानाच्याच देठानं. अर्ध्या तासानं पुडकं उघडलं. वाफ आली. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"म्हणजे?"

"चांगलं आहे ना. पन हे शिजलं. भाजलं नाई."

मला राग आला. तीन महिने हात काळे केले आणि हिचं हे. दोन दिवस मी धड बोललो नाही. तिनं मला बोलतं करायचा प्रयत्नही केला नाही, ती तशी नव्हतीच. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना पाठमोरी राहूनच म्हणाली, "आम्ही ते राखेत दाबत होतो. वरतून गरम, खालतून गरम, बाजूनं गरम. वारा लागत नाई त्याले. तुमच्यात वारा लागते."

राख चालणार नव्हती. राख उडते, तिच्या छातीत जाईल. मी ड्यूटीवर दिवसभर हाच विचार करत होतो. संध्याकाळी वणीत भाजी घ्यायला थांबलो तर फुटाणेवाला कढईत वाळू तापवून हरभरे भाजत होता. रोज पाहिलेला माणूस. मी पिशवी हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. त्यानं दोनदा विचारलं, काय पाहिजे.

नदीची जाड वाळू आणली. ती धुवायचं काम बायकोनं घेतलं. तांदूळ धुवावे तशी तिनं ती वाळू घमेल्यात घोळून घोळून धुतली, सात-आठ पाण्यांनी, पाणी नितळ येईपर्यंत. मित्रानं जाड पत्र्याचा खोल ट्रे केला. आता टपकायचं काहीच नव्हतं, म्हणून एक बर्नर पुन्हा खाली घेतला.

"म्हंजे माही बाजूची आग फुकटच गेली का?" मित्र म्हणाला.

"नाई भाई," बायको आतून म्हणाली. "तिन्हीकडून पाह्यजे."

वाळू तापायला बराच वेळ लागला. पुडकी तिनंच दाबली, चमच्यानं वाळू वर ओढली आणि हात झटकून बसली. मध्ये उघडून पाहू दिलं नाही. काढलं तेव्हा बाहेरचं पान काळं कुरकुरीत होतं आणि आतलं हिरवं. तिनं खाल्लं. मी विचारलं नाही. मित्रानंही नाही. तिनं दुसरं पुडकं घेतलं, ते अर्धं संपवलं, आणि म्हणाली, "मीठ जरा कमी पडलं."

मित्रानं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

त्या वर्षभरात आम्ही वाळूत काय काय भाजलं त्याला गणती नाही. रताळी, वांगी, भुईमुगाच्या शेंगा, रोडगे. कॉलनीतल्या बायका यायच्या, तिच्या खुर्चीभोवती बसायच्या. ज्यांच्या दारात सिगडी अजून होती त्या ती लवकर विझवून यायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. चंद्रपूरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातलं दुसरं ग्रिलही माझ्याकडे दुरुस्तीला आलं, आणि मग तिसरं. माझ्या मागच्या अंगणाला लोक वर्कशॉप म्हणायला लागले. आता आठवतं तेव्हा वाटतं, आमच्या लग्नाची सगळ्यात चांगली वर्षं म्हणजे तेवढी एक-दोनच, आणि तीही म्हातारपण लागताना आलेली.

मग एका हिवाळ्यात तिला दम्याचा झटका आला. धुराचा नव्हता. कोळशाच्या गाड्यांची धूळ रस्त्यावर होती, झाडांच्या पानांवर होती, आमच्या चादरींवर होती. बिनधुराची आग मी करू शकत होतो, पण राजूरची हवा मी कशी बदलणार? आठ दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, गाव सोडा. निदान यांना तरी बाहेर ठेवा.

मुलगी नागपूरला असते. तिथं बायको पंधरा दिवस राहिली आणि परत आली. बंद दारांत जीव गुदमरते, म्हणाली. शेवटी तिचा भाऊ आला. झरी जामणीकडचं त्यांचं गाव जंगलाला लागून आहे. त्यानं घराच्या बाजूची एक खोली मोकळी केली होती, चुलीपासून लांब. माझी नोकरीची दोन वर्षं उरली होती. मी म्हटलं, "मी येतो सोडून." ती म्हणाली, "नाई. दादासंगं जाते. तुमी ड्यूटी पाहा."

तिच्यामागे आठवडाभरानं मी ग्रिल पाठवलं. जीपच्या टपावर बांधून, वाळू वेगळ्या पोत्यात.

दर रविवारी जायचो. वणीहून मुकुटबन, तिथून काळी-पिवळी जीप. पहिल्या महिन्यातच तिच्या तोंडावर फरक दिसला. दुसऱ्या महिन्यात ती मला घ्यायला रस्त्यापर्यंत चालत आली, न थांबता. मी पाहतच राहिलो. राजूरला तिला दुकानापर्यंत जायला दोनदा टेकावं लागायचं. तिच्या बोलण्यात तिथले शब्द यायला लागले होते, शेजारच्या कोलाम आदिवासी बायकांशी ती त्यांच्या बोलीत हसून बोलायची आणि मला काही कळायचं नाही. ती बरी होत होती. मला आनंद होता, खरंच होता. पण एका रविवारी तिनं मला चहा दिला तो बशीसकट, पाहुण्यांच्या कपात. आमच्या घरी माझा स्टीलचा पेला असायचा. मी तो चहा प्यायलो. परतताना गाडीत मला ते कपाचंच आठवत राहिलं.

सोमवार ते शनिवार क्वार्टर रिकामी असायची. ड्यूटीवरून आलो की मी दार उघडायचो आणि आत न जाता आधी मागच्या अंगणात जायचो. लोकांची ग्रिलं दुरुस्तीला येतच होती. गॅस येण्याचे बारीक जेट साफ करायचे, गंज काढायचा, नवे बर्नर बसवायचे. पेटवून पाहायची वेळ आली की मी सवयीनं म्हणायचो, "ये, पाय बरं." मग बंद करून टाकायचो.

तिच्या गावात फोन फक्त पाण्याच्या टाकीपाशी लागायचा. ती तिथवर चालत जाऊन फोन करायची.

"जेवले का?"

"जेवलो."

"काय केलतं?"

"भाकरी."

"तव्यावर?"

"तव्यावर."

मग तिच्याकडून वाऱ्याचा आवाज यायचा. "ठेवू का मंग?" ती म्हणायची, आणि ठेवायची नाही.

निवृत्तीच्या दिवशी वर्कशॉपला हार, नारळ, दोन भाषणं झाली. क्वार्टर सोडायला महिनाभराची मुदत होती, पण मला पाच दिवस पुरले. शेवटच्या संध्याकाळी सामान बांधून झालं होतं. टोकाच्या क्वार्टरमधल्या वहिनी अजून सिगडी लावतात. त्यांनी ती बाहेर ठेवली. मी चालत गेलो आणि त्या धुराजवळ उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तिकडं सरका, डोळ्यात जाईन." मी सरकलो नाही. दीर्घ श्वास घेतला. या धुरानंच माझ्या बायकोची छाती खाल्ली हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी तो मला सोडवत नव्हता. माणूस असा असतो याची मला लाज वाटली. तरी मी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी गावी पोचलो. सामान उतरवलं. ती जवळ आली आणि थांबली.

"कोळशाचा वास येऊन राह्यला तुमच्या अंगाले."

मी घाईनं शर्ट काढायला लागलो. म्हणालो, "धुवून टाकतो, तू लांब उभी राह्य."

तिनं शर्ट माझ्या हातातून घेतला, हात लांब करून, श्वास धरून, आणि लांब कुंपणाच्या काटेरी तारेवर नेऊन टाकला. तिथून परत आली, ओसरीवर बसली आणि त्या शर्टाकडे पाहत राहिली.

"टोकाच्या वहिनी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. तुह्यी आठवन काढतात."

"त्याईच्या दारची तुळस?"

"आहे."

बराच वेळ ती विचारत राहिली. कुणाची पोरगी कुठे दिली, पाण्याचा नळ कितीला येतो, विहाराला रंग दिला का. सत्तावीस वर्षं ती तिथं राहिली होती. मला वाटायचं ती तिच्या गावासाठी झुरते आणि मी तिच्यासाठी. तिला राजूरची आठवण येत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग मी तिला सांगितलं. गॅस आला तेव्हाचं, भाकरीला चव नाही म्हणालो ते. तिनं ऐकून घेतलं.

"मले आठवते," ती म्हणाली.

"मी तसं म्हणालो नसतो तं..."

"मलेही सिगडीचीच भाकर आवडे," ती म्हणाली. "तुमी नसते म्हनले तं मीच आणली असती." थोडं थांबून म्हणाली, "पन तुमी म्हनले, हे बी खरंच आहे."

माफ केलं असं तिनं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. शर्ट त्या दिवशी तारेवरच राहिला.

आता वर्ष होत आलं. मी इथंच असतो. ग्रिल ओसरीच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली आहे. शेजारची कोलाम बाई मध्यंतरी खोकत होती. तिला सिलिंडर मिळालं आहे, पण ती ते जपून वापरते, सगळं चुलीवरच. बायकोनं तिला आमची वाळू दाखवली, आणि तेव्हापासून तिच्यासाठी जुन्या दोन गॅस शेगड्यांची एक लहान वाळूची शेगडी करायचं माझं चाललं आहे. एका सिलिंडरवर जास्त दिवस निघावेत असं ते बसवायचं आहे. इथं वेल्डिंग मशीन चालेल एवढी वीज टिकत नाही, त्यामुळे नट-बोल्टवरच काम. परीक्षा घ्यायला दोघी असतात. दोघींचं मिठावरून कधीच जमत नाही.

दिवाळीनंतर माझा वेल्डर मित्र आला. तीन गाड्या बदलून, खांद्यावर बर्नरच्या पाइपांचं गाठोडं. त्याची नजर आता कमी झाली आहे, भोकं पुतण्यानं पाडली म्हणाला. मी पाइप फिरवून पाहिला. दोन-तीन भोकं वाकडी होती. मी म्हटलं, "एकदम बरोबर." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा पाइप माझ्या हातात दिला.

बायकोनं त्याच्यासाठी वाळूत रोडगे केले, वांगी केली, नाल्याचे मासे तिच्या भावानं आणले. तो जेवला आणि राजूरच्या बातम्या सांगत राहिला. आमची लाईन रिकामी करत आहेत, म्हणाला. खिडक्या-दारं काढून नेली.

"आपली?" बायकोनं विचारलं.

"तुमची आधीच. मागच्या अंगणात कवेलूचा ढीग तसाच आहे."

चार वाजता त्याची गाडी होती. मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. गाडी आली, त्याला मागच्या बाजूला जागा मिळाली. "येजो वणीले," तो म्हणाला. मी म्हटलं, येतो. दोघांनाही माहीत होतं की बायकोला त्या धुळीत नेता येणार नाही, वणीला जायचं म्हटलं तर एकट्यानंच जावं लागेल, आणि एकट्यानं जाऊन मी काय पाहणार.

गाडी वळणाआड गेली तरी मी तिथंच उभा होतो. सागाची पानं रस्त्यावर पडली होती. घराकडून बायकोची हाक आली. तिचा आवाज आता लांबूनही येतो, मध्ये तुटत नाही. वाळू गरम आहे तोवर आणखी दोन रताळी टाकायची का, असं ती विचारत होती.

मी ओरडून हो म्हटलं आणि घराकडे निघालो.